रेड्याचे सुधारित दर

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. अशा घरात बसून गेली पाच वर्षं मी लोकांना आफ्रिकेत सिंह, बिबट्या, जिराफ आणि रानरेडा मारण्याचे दर कळवतो आहे. सदाशिव पेठेत, दुसऱ्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलाच्या खिडकीकडच्या बाजूला.

झालं असं, की चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून मी निवृत्त झालो आणि महिन्याभरात बायकोच्या लक्षात आलं, की मी आता दिवसभर घरीच असतो. माझ्या भाच्याचं एक लहानसं ऑफिस आहे. परदेशातल्या छोट्या धंद्यांची पत्रं, बिलं, चौकश्या तो पुण्यातून सांभाळतो. बायकोने परस्पर त्याला फोन केला. संध्याकाळी तो घरी आला आणि म्हणाला, "मामा, एक क्लायंट आहे. आफ्रिकेत हंटिंग ट्रिप्स अरेंज करतो. बंदूक झकास चालवतो, पण ईमेल लिहिता येत नाही. तुम्ही फक्त इंग्लिश बघायचं."

मी म्हटलं, "अरे, मी शाकाहारी आहे."

"मामा, ईमेल खायची नसते."

बायको विज्ञानाची शिक्षिका होती. पाप-पुण्यापेक्षा माझं स्वयंपाकघरात डोकावणं तिला जास्त छळत होतं. ती म्हणाली, "तुम्ही लिहिलं नाहीत तर तो सिंह वाचणार आहे का? नाही ना? मग लिहा." मी लिहायला लागलो.

काम सोपं होतं. तो आफ्रिकेतला शिकारवाला, त्याला मी मालक म्हणतो, दर वर्षाच्या सुरुवातीला पुढच्या हंगामाच्या दरांचा कच्चा कागद पाठवायचा. त्याची मी नेटकी यादी करायची आणि सोबत दर का वाढले ते सांगणारं पत्र लिहायचं. 'वाढले' म्हणायचं नाही, 'सुधारित' म्हणायचं, हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. विजेची बिलं भरण्यात हयात गेली आहे. डिझेल महागलं, परवाने महागले, वाटाड्यांचे पगार वाढले, शिंगं आणि कातडी जहाजाने घरपोच करायचा खर्च वाढला. सकाळी मी मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून 'लूट आहे ही' म्हणून वाद घालायचो आणि दुपारी घरी येऊन 'अपरिहार्य कारणांमुळे' असं लिहायचो. दोन्ही वेळा मनापासून.

या धंद्यात मारणं हा शब्दच नाही. जनावर 'घेतात'. मंडईतून दुधी घ्यावा तसा रानरेडा घेतात. दरांची रीत मात्र आपल्या मंगल कार्यालयासारखी: दिवसाचं भाडं वेगळं, जनावराचे पैसे वेगळे. गोळी लागून जनावर झाडीत निसटलं आणि सापडलं नाही, तरी पूर्ण पैसे. मला हे फार अन्यायाचं वाटलं म्हणून बायकोला वाचून दाखवलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "बरोबरच आहे की. आपल्या मुलीच्या लग्नात चाळीस पाहुणे आले नाहीत, त्यांच्या ताटांचे पैसे आपण भरलेच ना?"

घासाघीस करणारी गिऱ्हाइकं खूप असायची. त्यांना उत्तरं द्यायला पुण्यात गेलेलं आयुष्य कामी आलं. एकाने लिहिलं, एवढ्या दरात मी येणार नाही. मी उत्तर दिलं, "आपण न आल्यास रेड्याची हरकत नाही." तो मुकाट्याने आला. मालक माझ्यावर खूश झाला आणि भाच्याने मला पेढे आणून दिले.

आता एका ओळीचं सांगतो. पहिल्याच वर्षीच्या कच्च्या कागदावर रानरेड्याच्या खाली एक ओळ होती. तिच्यापुढचा दर रेड्याच्या एक तृतीयांशसुद्धा नव्हता. त्या ओळीत 'काऊ' असा शब्द होता. सिंह देवीचं वाहन, त्याचा दर मी लिहिला. वराह तर अवतार, तो यादीत जवळजवळ तळाला होता, तोही लिहिला. रेडा यमाचा, आणि यमाचं वाहन दरवर्षी महाग करण्यात मला काही गैर वाटलं नाही. पण गाय म्हटल्यावर हात थांबला. ती ओळ मी गाळली. कोणाला सांगितलं नाही. प्रत्येकाची कुठेतरी एक सीमा असते, माझी तिथे होती, आणि खरं सांगायचं तर त्या सीमेचा मला अभिमानच होता. बाकीच्या सगळ्या यादीचं पाप त्या एका न लिहिलेल्या ओळीने फिटतं, असा काहीसा माझा समज होता. दोन वर्षांनी मालकाने विचारलं, ती स्वस्तातली शिकार कोणीच कशी मागत नाही? मी कळवलं, "मागणी दिसत नाही."

त्याच सुमारास एक म्हातारा अमेरिकेतून पत्रं पाठवायला लागला होता. त्याने चाळीस वर्षं दुधाचा टँकर चालवला होता आणि निवृत्त झाल्या आठवड्यात एक रायफल विकत घेतली होती. त्याला आयुष्यात एकदा एक रानरेडा हवा होता. आमच्या घरात त्याचं नाव 'रेडेवाले' पडलं. आडनाव असावं तसं. "आज रेडेवाल्यांचं पत्र आलं का?" असं बायको विचारायची.

पहिल्या वर्षी त्याच्या शिलकीत थोडे कमी पडले. त्याने लिहिलं, मग पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी त्याने कमी पडलेले जमवले, तेवढ्यात मी सुधारित दर पाठवले. मग पुढच्या वर्षी. तो पुढे सरकला की दर त्याच्यापुढे तेवढेच सरकायचे, आणि ते सरकवणारं पत्र माझ्याच हातचं असायचं. तो कधी घासाघीस करत नसे. एकदा मी न राहवून विचारलं, रेडाच का? त्याने लिहिलं, "जन्मभर माझ्यापाठी दूध होतं. एकदा माझ्यापुढे असं काहीतरी यावं, जे माझ्या अंगावर धावून येऊ शकतं."

हे वाचून मला तो माणूस फार आवडला. जनावराला मारायला निघालेला माणूस मला आवडावा, याचं मलाच नवल वाटलं. पण मनातून मला वाटायला लागलं, की याला एकदा जायला मिळावं.

दुसऱ्या वर्षीच त्याने विचारलं होतं, "याहून कमी दरात काही आहे का? शिंगं मोठी नसली तरी चालतील. नसली तरी चालतील. माझं वय होत चाललंय." मी उत्तर लिहिलं, "कळवण्यास खेद होतो, की याहून कमी दरात आमच्याकडे काहीही उपलब्ध नाही." चांगलं वाक्य होतं. मी ते दोनदा वाचलं होतं.

या वर्षीचा कच्चा कागद आला तेव्हा मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तर बायको टेबलाशी उभी राहून स्क्रीन वाचत होती.

"अहो, रेडेवाल्यांना ही का नाही सुचवत?"

"कोणती?"

"ही. बफेलो काऊ. निम्म्याहून कमी दर आहे."

मी जरा ताठ होऊन म्हणालो, "ती ओळ मी लिहीत नाही. गाय आहे ती."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलाने मूर्ख उत्तर दिल्यावर ती बघायची, तसं. "बफेलो काऊ म्हणजे म्हैस," ती म्हणाली. "रेड्याची मादी. इंग्रजीत हत्तिणीलासुद्धा काऊ म्हणतात. देवमाशाच्या मादीलासुद्धा. तुम्ही मुलांना शिकवलं नाहीत कधी?"

शिकवलं होतं. चौतीस वर्षं, दर जूनमध्ये, फळ्यावर दोन रकाने आखून, डावीकडे पुल्लिंग, उजवीकडे स्त्रीलिंग. बुल, काऊ. मुलांकडून घोकून घेतलं होतं. रोज सकाळी जिच्या दुधाचा चहा पितो, तिची रानातली बहीण पाच वर्षं माझ्या नजरेसमोर होती आणि मी तिला गाय समजून हात जोडत होतो.

"आणि गाय असती तरी," बायको म्हणाली, "ती त्यांची आहे, मारणारे ते आहेत, विकणारा तो आहे. तुम्ही कोण गाळणारे?" ती चहा ठेवायला आत गेली.

मी जुनी पत्रं उघडली. हिशोब सरळ होता. त्या म्हशीचा दर रेडेवाल्याला दुसऱ्या वर्षीच परवडला असता. उरलेल्या पैशांत परतीच्या विमानाचं भाडं भागलं असतं, आणि त्याच्या बायकोलाही नेता आलं असतं. शिंगं नसली तरी चालतील, असं त्याने लिहिलं होतं. म्हशीला तर शिंगंही असतात.

मग मी एक काम केलं, ज्याची मला अजून लाज वाटते. मी खोटं लिहिलं. "आपणांस कळवण्यास आनंद होतो, की या हंगामापासून आम्ही मादी रानम्हशीची शिकार अल्प दरात उपलब्ध करत आहोत. ही माहिती सर्वप्रथम आपणांस देत आहे." त्याला म्हैस मिळेल, माझी चूक झाकली जाईल, मालकाचं गिऱ्हाईक वाढेल, सगळ्यांचं भलं. पत्र धाडलं आणि दुपारी चांगली झोप काढली.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. एरवी त्याची पत्रं दोन ओळींची असायची. हे लांब होतं.

त्याने लिहिलं होतं, "आठवण ठेवलीत, आभारी आहे. पण मला उशीर झाला. गेल्या हिवाळ्यापासून उजव्या डोळ्याने दिसत नाही आणि डावा त्याच वाटेवर आहे. रायफल नुकतीच विकली. घेणारा तरुण आहे, भला आहे. तो या उन्हाळ्यात दुसऱ्या कोणाबरोबर तिकडेच चाललाय, मादीच घ्यायला. तो म्हणत होता, या स्वस्तातल्या शिकारी पूर्वीपासून सगळीकडे मिळतात, तुम्हाला कोणी सांगितलं कसं नाही? मी त्याला म्हटलं, सगळीकडे मिळत असतील, मी ज्यांना विचारत होतो त्यांच्याकडे नव्हत्या. असत्या, तर त्या गृहस्थांनी मला सांगितलं असतं."

मी ते पत्र बायकोला वाचून दाखवलं. ती जवळची खुर्ची ओढून बसली, एवढंच. चाळीस वर्षांच्या संसारात तिने याआधी मला टोमणा मारायची संधी सोडलेली मला तरी आठवत नाही. मला रडू येत होतं आणि ते कशाचं म्हणून सांगायचं, हे कळत नव्हतं. एका म्हाताऱ्याला एक म्हैस मारता आली नाही याचं दुःख आमच्या घरात, त्या टेबलापाशी, आम्ही दोघं करत बसलो होतो.

संध्याकाळी मी उत्तर लिहिलं. दोनच वाक्यं. "ती शिकार आमच्या यादीत पहिल्या वर्षापासून होती. मी ती ओळ गाळत होतो." 'कळवण्यास खेद होतो' लिहिलं आणि खोडलं.

आठवडाभर काही आलं नाही. मग एक शब्द आला. "का?"

कारणं मी बरीच जुळवली. संस्कृती, श्रद्धा, परंपरा. मी आफ्रिकेत नाही, पुण्यात बसतो, इथून सुरुवात करून दीड पान मजकूर झाला. वाचून पाहिला. त्या दीड पानात मी फार थोर माणूस दिसत होतो. बायको म्हणाली, "ज्याला दिसत नाही त्याला एवढं वाचायला लावू नका." ते खरं होतं. मी सगळं पुसलं. का-ने सुरू होणाऱ्या प्रश्नाचं उत्तर 'बिकॉज'ने सुरू करायचं, हे मी हजारभर मुलांना शिकवलं असेल. मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, कारण मला ती गाय वाटली.

चाळीस वर्षं गाईंचं दूध वाहिलेल्या माणसाला मी हे लिहीत होतो. पाठवण्यापूर्वी सवयीने एकदा तपासलं. इंग्रजीत त्याचे सात शब्द होत होते, आणि व्याकरणाची त्यात एकही चूक नव्हती.