मेव्हण्याचं शेवटचं काम

माझ्या मेव्हण्याइतका अदबशीर गुंड अख्ख्या माजलगाव तालुक्यात झाला न्हाई, आणि आता होणारबी न्हाई. आताची पोरं आधी शिव्या देतात, मग नाव विचारतात. हा दारात चपला काढायचा, "मालक, आत येऊ का?" म्हणायचा, आणि मग कॉलर धरायचा. एका आडत्याचा हात मोडला, तर त्याला स्वतःच्याच जीपमधून दवाखान्यात नेलं आणि प्लास्टर वाळेपर्यंत बाकड्यावर बसून राहिला. एक नियम मात्र कडक. ज्याला दम द्यायचा त्याच्या घरचं पाणी प्यायचं न्हाई. "पाणी पेलं की माणूस पाव्हणा होतो, दाजी. पाव्हण्यानं दम कसा द्यावा?" असं मला समजावून सांगायचा, जसं काही मीबी उद्यापासून हाच धंदा धरणार होतो.

माझ्या बायकोनं, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीनं, त्याच्या असल्या पैशाची साडी कधी अंगाला लावली न्हाई. दर दिवाळीला तो आणायचा, ती दारातूनच परत करायची. ती आजारी पडली तेव्हा मात्र यानं तिच्या उशाशी बसून धंदा सोडायची शपथ घेतली, दोन म्हशी आणल्या आणि डेअरीला दूध घालायला लागला. म्हशींनाबी अहोजाहो करायचा. मागच्या साली ती गेली. तिच्या अंगावर घालायचं माहेरचं लुगडं त्यानं दुधाच्या पैशातून आणलं, आणि चारचौघांत मला दुकानाची पावती दाखवली. असल्या वेळी कोण पावती दाखवतं? मी वाचलीबी न्हाई. मला धड दिसतच नव्हतं.

या उन्हाळ्यात तालुक्याच्या पुढाऱ्याची माणसं त्याच्याकडं आली. गावच्या सोसायटीच्या निवडणुकीला एक रिटायर गुरुजी उभे राहिले होते. त्यांना फॉर्म मागं घ्यायला लावायचं, बस, एवढं एकच काम. न्हाई केलं तर जुनी केस वर काढू, म्हणाले. साठी उलटलेला, गुडघे गेलेला मेव्हणा माझ्याकडं आला. ताई असती तर तिला विचारलं असतं, म्हणाला.

"मला काय इचारतोस रं? शपथ काय माझी घेतली व्हतीस?"

तर मलाच मोटरसायकलवर मागं बसवून घेऊन गेला.

गुरुजींच्या दारात चपला काढायला वाकला तो वाकलेलाच राहिला. गुरुजींनीच दंडाला धरून उठवला, खुर्ची दिली. मग यानं आदबीनं सांगितलं, गुरुजी, फॉर्म मागं घ्या. गुरुजींचा चेहरा पडला. त्यांच्या मंडळींना आत काही ऐकू गेलं नव्हतं. त्यांनी पाण्याचा तांब्या आणून पुढं ठेवला. मेव्हणा तांब्याकडं लई वेळ बघत बसला. मग उचलला आणि अख्खा रिकामा केला.

"आता मागं नका घेऊ," म्हणाला.

गुरुजींना काही कळलं न्हाई. वाटेत मी म्हणलं, ऊनच लई हाय, तू तरी काय करणार.

"दाजी, तहान न्हवती लागली."

पुढाऱ्यानं शब्द पाळला. केस निघाली, मेव्हण्याला आत घेतलं. गाडीत चढताना पोलिसाला म्हणाला, आधी आपण बसा. म्हशी आता माझ्या दारात हायत. अरेतुरे केलं की पान्हाच सोडत न्हाईत.

परवा त्याला तुरुंगात भेटून घरी आलो. उंबऱ्यातूनच सांगायला लागलो, अगं, तुझ्या भावानं शपथ पाळली बरं का. निम्मं सांगून झाल्यावर ध्यानात आलं. मग म्हणलं, आता उरलेलंबी सांगून टाकावं.