सुनेचा आवाज आणि मी लावलेला राऊटर

शिरोलीच्या कारखान्यात मी आयुष्यभर यंत्रं दुरुस्त केली. निवृत्त झालो त्याच सुमारास घरात ब्रॉडबँड आलं आणि अमेरिकेतल्या मुलानं इंटरनेटवरून बोलायचा फोन पाठवला. राऊटरला जोडला की कितीही वेळ फुकट बोलता येणार होतं. राऊटर बसवायला आलेला माणूस म्हणाला, "काका, फोनचं सेटिंगबी करून देतो की." मी त्याला चहा पाजून वाटेला लावला. मग व्हायरसच्या भीतीनं बाहेरून आत येणारं जे जे बंद करता येईल ते बंद केलं आणि फोन जोडला.

मुलगा ऑफिसातून आमच्या जुन्या फोनवर बोलायचा. नव्या फोनवर सकाळी सून तिथल्या घरून फोन करायची. घंटी वाजायची, माझी बायको उचलायची आणि पलीकडून चकार शब्द नाही.

"बोल की गं!" ही ओरडायची. "कबनूरला यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलीस, आन् आता तोंडात गुळणी धरलीस व्हय?" मग फोन कानाला तसाच ठेवून मला म्हणायची, "माज आलाय. आईबानं वळणच लावलं न्हाय."

एकदा मुलगा म्हणाला, "बाबा, तिला तुमचं सगळं ऐकू येतंय. तिचं तुम्हाला येत नाही. राऊटर बघा की जरा."

"राऊटर मी स्वतः लावलाय. हितं सगळं बरोबर हाय," मी म्हणालो. सुनेला सगळं ऐकू येतंय, हे मी हिला सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर चूक माझी ठरली असती.

सून तरीही फोन करत राहिली.

पुढं ही नृसिंहवाडीला गेली होती, तेव्हा मी एकटाच राऊटर घेऊन बसलो. फोनवरून येणाऱ्या आवाजाची वाट मीच अडवली होती. ती मोकळी केली. ही परत आल्यावर सकाळी फोन वाजला आणि पलीकडून स्पष्ट ऐकू आलं, "आई, आता येतोय का आवाज?"

"आलीस का ताळ्यावर?" ही म्हणाली. मी पेपर तोंडासमोर धरला.

त्यानंतर दोघी बोलायच्या, पण कामापुरतं. पाहुण्यांत सून घुमी म्हणूनच ओळखली जाऊ लागली. गेल्या महिन्यात एका लग्नात कुणीतरी पुन्हा तसंच म्हणालं. ती घुमी नव्हती. घरी आल्यावर मी हिला सगळं सांगितलं, आणि आता पाहुण्यांसाठी हे लिहितो आहे.

सगळं ऐकून ही म्हणाली, "म्हंजे मी तिच्या आईबापाला बोललेलं तिनं ऐकलंय?"

"व्हय."

"समदं?"

"समदं."

"आन् तुमास्नी ठावं हुतं."

हिनं लगेच सुनेला फोन लावला. "पोरी, चुकलं गं माझं," एवढंच हिला जमलं, आणि फोन माझ्या हातात दिला. मी राऊटरचं सांगू लागलो. सुनेनं सगळं ऐकून घेतलं.

"राऊटरचं मला तेव्हाच कळलं होतं, बाबा," ती म्हणाली. "आई बोलायच्या त्याचं एवढं नाही. पण शेजारी तुम्ही खोकायचा, ते ऐकू यायचं. दर वेळी वाटायचं, आता बाबा काहीतरी बोलतील."