तिसऱ्या बाकावर बसलेले पाळकसाहेब

ज्या रविवारी पाळकसाहेब व्यासपीठावरून उतरून माझ्या बाकावर येऊन बसले, त्या रविवारी चर्चमध्ये नऊ माणसं होती. आई गेल्यापासून त्या बाकावर माझ्याशिवाय कोणी बसलं नव्हतं. ते बसले. मी सरकले. त्यांनी बसल्या बसल्याच उपदेश सुरू केला.

आमच्या बाकांविषयी सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही. चर्च बांधलं तेव्हा मंडळीतल्या प्रत्येक घराने एकेक सागवानी बाक दिला होता. बाकाच्या पाठीवर घराचं नाव कोरलेलं. पुढे मुलं नोकरीसाठी नागपूरला, भिलाईला, पुण्याला गेली, म्हातारी माणसं एकेक करून गेली, आणि बाकांवर नावं तेवढी राहिली. दुसऱ्याच्या बाकावर बसू नये असा नियम कुणी केला नव्हता. पण तिथे बसणं म्हणजे त्या घरातलं आता कोणी येणार नाही असं जाहीर करणं, असं आम्हा सगळ्यांनाच वाटे. म्हणून नऊ माणसं नऊ बाकांवर बसत. एकाचं 'आमेन' दुसऱ्यापर्यंत पोचत नसे. उपासना संपली की जो तो आपल्या वाटेने घरी.

पाळकसाहेब आमच्याकडे आले तेव्हा चर्चचा कारभार बघणाऱ्या वरच्या मंडळाने आम्हाला एक वर्षाची मुदत दिली होती. मंडळीत जीव दिसला तर ठीक, नाहीतर चर्चला कुलूप लावून आम्ही गोंदियाच्या मंडळीत सामील व्हायचं. गोंदिया इथून बसने दोन तास. मार्थाबाई, आमच्यातल्या सर्वांत वयस्कर, निवृत्त नर्स, म्हणाल्या होत्या, "म्हंजे घरीच मरा म्हणते का ते लोक?"

त्याआधी जे जे पाहणीला येऊन गेले, त्यांनी काय काय नाही याची यादी केली होती. गायकगट नाही, तरुण नाहीत, छताची कौलं धड नाहीत. पाळकसाहेबांची सवय उलटी होती. ते घरोघरी जात, चपला बाहेर काढत, पाणी पीत आणि विचारत, "काय हाये तुमच्याजवळ?"

शिमोनकाका धानाच्या गिरणीतून निवृत्त झालेले, तोंडाने तिखट. ते म्हणाले, "काही नाही जी. पोरं नाही, पैसा नाही, उमेद नाही."

"नाही ते मले माहीत हाये. हाये ते सांगा."

"गुडघे हायेत. दुखून राहिले."

"मंग दुखऱ्या गुडघ्यांपासूनच सुरुवात करू," असं म्हणून पाळकसाहेबांनी तिथल्या तिथे डोळे मिटून त्या गुडघ्यांसाठी प्रार्थना केली. शिमोनकाका आठवडाभर चिडलेले होते. पुढच्या रविवारी पाळकसाहेब व्यासपीठावरून म्हणाले, "आज दार करकरलं नाही. कोनं तेल टाकलं?" सगळ्यांच्या माना वळल्या. काका खिडकीबाहेर बघत बसले. बिजागऱ्यांना त्यांनीच तेल घातलं होतं.

आधीचे पाळक पुस्तकी मराठीत बोलत, हे आमच्याकडच्या झाडीबोलीत. पहिल्यांदा ते मला खटकलं. मी शाळेत ग्रंथपाल, छापील भाषेची माणूस. पण त्यांच्या तोंडून ऐकताना वाटे की येशू आमच्या चिचगडच्या बाजारात कुणाशी तरी उभ्या उभ्या बोलतो आहे.

त्यांच्या हातून चूकही झाली, आणि ती मोठी होती. आल्यावर दोन-तीन महिन्यांनी एका शनिवारी त्यांनी शिमोनकाकांना हाताशी धरून सगळे बाक हलवले आणि व्यासपीठासमोर अर्धगोल मांडले. माणसं जवळ येतील, हा हेतू. रविवारी मार्थाबाई दारात आल्या. आपला बाक जागेवर नाही हे त्यांनी पाहिलं. "माझ्या मानसाची जागा कोनं हलवली?" एवढंच म्हणाल्या आणि काठी टेकत परत गेल्या. त्यांच्यामागे आणखी दोघं गेली. त्या दिवशी आम्ही सहा जणांनी गीत म्हटलं आणि ते कुणालाच नीट जमलं नाही.

दुपारी मी चर्चवरून गेले तर पाळकसाहेब एकटेच बाक ओढत होते. फरशीवरच्या जुन्या खुणा बघून एकेक पाय जागेवर आणत होते. मी एक टोक धरलं. ते म्हणाले, "मी लोकायले ईचारत फिरलो, काय हाये, काय हाये. अन् जे होतं तेच हलवून टाकलं." संध्याकाळी ते मार्थाबाईंकडे माफी मागायला गेले. बाईंनी चहा दिला पण बोलल्या नाहीत. तरी पुढच्या रविवारी आल्या.

त्याच रविवारी ते खाली उतरून माझ्या बाकावर बसले. बाक हलवायचे नाहीत तर आपणच हलायचं, असं त्यांनी ठरवलं असावं. पुढे दर रविवारी एकेका बाकावर. माणूस नसलेल्या बाकावर मात्र ते कधीच बसले नाहीत.

माझ्या घरी ते सगळ्यांत शेवटी आले. "तुमच्याजवळ काय हाये, बाई?"

मी म्हटलं, "काही नाही." खरंच तसं वाटत होतं. आईची खोली बंद होती आणि कपाटभर पुस्तकं होती, जी वाचून मी कुणाला काही सांगत नव्हते.

ते कपाटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वाचता ना तुम्ही? मंग रविवारचा शास्त्रपाठ तुम्ही वाचा."

माझा आवाज बारीक आहे. लहानपणापासून शिक्षक, नातेवाईक, सगळे "जोराने बोल" म्हणत आले. मी तिसऱ्या बाकाशी उभी राहून स्तोत्र वाचू लागले. मागून शिमोनकाका ओरडले, "जोऱ्यानं वाच ना बाई! इथं बुढे लोक बसून राहिले!" मी पुस्तक मिटणार होते.

पाळकसाहेब म्हणाले, "नाही. तिले जोऱ्यानं नोको वाचू द्या. तिचा आवाज हायेच असा. ज्याले आयकायचं हाये त्यानं जवळ यावं."

मग काठीचा आवाज आला. मार्थाबाई आपला बाक सोडून माझ्या बाकापाशी आल्या. "सरक जराशी, पोरी. मले काहीच आयकू नाही येत." मी तेव्हा बावन्न वर्षांची होते. मी सरकले. त्या आईच्या जागेवर बसल्या. मग शिमोनकाका आले, पुटपुटत, "गुडघे हायेत म्हणून बरं." पाठ संपेपर्यंत सगळे माझ्या आसपासच्या तीन बाकांवर होते. त्या दिवशी 'आमेन' एकदम झालं. मला त्याची सवय नव्हती. मी दचकले.

वर्ष संपताना मंडळाची माणसं आली. पाळकसाहेबांना धरून आम्ही आता तेरा झालो होतो. त्यांनी विचारलं, "एवढीच वाढ?"

"वाढ थोडी हाये," पाळकसाहेब म्हणाले. "पन आता आमी एकमेकायले आयकू येतो."

निर्णय पत्राने कळवू, असं सांगून ती माणसं परत गेली. त्यानंतर तीन आठवड्यांनी, केशोरीकडच्या एका कुटुंबाला भेटून येताना बसस्टँडवरच पाळकसाहेबांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले. त्यांच्या भावांनी त्यांना आपल्या गावी नेलं. इथे त्यांची कबरही नाही. भाड्याच्या खोलीत दोन सदरे, एक बायबल आणि तेलाची एक छोटी बाटली निघाली. बाटली शिमोनकाकांनी मागून घेतली.

पत्र नंतर आलं. ते मीच वाचून दाखवलं. उपासना चालू ठेवावी. नवीन पाळक देणे सध्या शक्य नाही. वाचून झाल्यावर मी पत्राची घडी घातली. मग मार्थाबाई म्हणाल्या, "मंग तूच वाचत जा. दुसरं कोन हाये?"

मी वाचते. उपदेश करता येत नाही, म्हणून पाठच दोनदा वाचते. घरी आल्यावर दिवस पूर्वीइतकाच लांब असतो, आणि कधी कधी कपाटापुढे उभी राहून मी पाळकसाहेबांचा प्रश्न स्वतःला विचारते.

चर्च दर रविवारी साडेनऊला उघडतं. किल्ली माझ्याकडे असते. आम्ही बारा जण आहोत आणि तीन बाकांवर बसतो. दार करकरत नाही.