पालथ्या बादलीवर मोदेस्त

मोदेस्तच्या पायाला भिंगरी आहे, हे तळ्याकाठच्या त्या गावात कुत्र्यांनाही ठाऊक होतं. खाणीत लागला, सोडली. लाकडाच्या गिरणीत लागला, तीही सोडली. उन्हाळ्यात वणवे विझवायचं काम तेवढं टिकलं, कारण तिथे आगच माणसाला पळवते. हिवाळ्यात ट्राउट मासे धरायला गोठलेल्या तळ्यावर गेला, की गिरमिटाने भोक पाडायचं, गळ सोडायचा, दोरी चार वेळा हलवायची आणि उठायचं. मग पुढचं भोक. संध्याकाळपर्यंत बर्फाची चाळण त्याने केलेली असायची आणि मासा बायकोने धरलेला असायचा. त्याची बायको फिलोमेन बर्फावर, जिथे पाण्याखाली खडक आहेत अशा बापाने दाखवून ठेवलेल्या जागी, बादली पालथी घालून बसायची ती अंधार पडल्यावरच उठायची.

साठी उलटली आणि फिलोमेनच्या पोटात गाठ निघाली. दक्षिणेतल्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन ठरलं. विमानात सोबतीला एकच माणूस नेता येणार होता. तिने नाव दिलं ते थोरल्या बहिणीचं, बर्नाडेटचं.

मोदेस्तला हे दवाखान्यातल्या नर्सकडून कळलं. घरी येऊन तो चुलीपासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून चुलीपर्यंत फेऱ्या मारू लागला.

"नवरा मेलाय का तुझा?"

"मेला नाही, पण बसतही नाही," फिलोमेन म्हणाली. "सेलीनच्या वेळेस कुठे होतास?"

मोदेस्त जागच्या जागी थांबला. सेलीन त्यांची पहिली मुलगी, जेमतेम दात आलेले. त्याच इस्पितळात तापाने गेली. तेव्हा तो "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून बाहेर पडला होता. परत आला तेव्हा खाट रिकामी होती आणि फिलोमेन एकटी भिंतीकडे बघत बसली होती. इतक्या वर्षांत तिने हे तोंडातून काढलं नव्हतं.

"या वेळी बसेन," तो म्हणाला.

"बोलाचीच कढी. उद्या माझ्या जागेवर जा. माझ्या बादलीवर बस आणि एक ट्राउट घेऊन ये. मग बर्नाडेटला मी सांगते. परवा विमान आहे, लक्षात ठेव."

त्या हिवाळ्यात खडकांवर अजून कुणी गळ टाकला नव्हता, बर्फ नुकताच भरवशाचा झाला होता. मोदेस्तने भोक पाडलं, रिवाजाप्रमाणे चिमूटभर तंबाखू पाण्याला वाहिली, झाऱ्याने बर्फाचा चुरा काढला आणि बादलीवर बसला. दोरी उचलायची, सोडायची. उचलायची, सोडायची. पाण्याचं मन ओळखायला वेळ लागतो असं म्हणतात, पण मोदेस्तची अडचण पाण्याची नव्हतीच. शांत बसलं की आत दडपून ठेवलेलं सगळं वर येतं, हे त्याला तरुणपणीच कळलं होतं. आताही इस्पितळाचा वास आला, पांढरी चादर दिसली आणि तो ताडकन उठला. गिरमिट खांद्यावर टाकून टेकाडाच्या दिशेने निघाला. वाटेत बर्फात एक भोक पाडलं. मग आणखी पुढे दुसरं. मासा कुठेच नव्हता.

दुसऱ्या भोकापाशी त्याने सहज मागे वळून पाहिलं. एवढ्या मोठ्या पांढऱ्या तळ्यावर फिलोमेनची बादली एकटीच दिसत होती. त्याला स्वतःची लाज वाटली. इस्पितळात तिच्या खाटेशेजारची खुर्चीही तो अशीच रिकामी टाकून जाणार होता, हे त्याला स्पष्ट दिसलं.

तो परत आला. पाण्यावर साय धरावी तसा पातळ बर्फ धरला होता, तो काढून बसला. सेलीन परत आली. या वेळी त्याने तिला येऊ दिलं. मोदेस्त रडला. पापण्या गोठून चिकटायला लागल्या, त्या त्याने हातमोज्याने चोळल्या, पण उठला नाही. उजेड निळा पडायला लागला तेव्हा दोरीला हिसका बसला. ट्राउट खोल पळाला, पुन्हा पळाला, आणि शेवटी दमून वर आला. चांगला हातभर लांब होता.

घराची वाट निम्मी झाली तेव्हा त्याला आठवलं: हिवाळ्यातला पहिला मासा कुटुंबातल्या सगळ्यात वडील बाईचा, असा रिवाज. सासू गेली, आता ती बाई म्हणजे बर्नाडेट.

तिचं घर टाळून झुडपांमागून जाता आलं असतं. कुणी बघत नसावं. पण तसा आणलेला मासा फिलोमेनने तोंडाला लावला नसता, आणि खोटं तर तिला त्याच्या चालण्यातच ऐकू यायचं. चडफडत त्याने बर्नाडेटचं दार वाजवलं.

"पहिला आहे, ताई."

"आणि बायकोला काय दाखवणार, जावईबापू?"

"रिकामे हात."

बर्नाडेटने मासा घेतला आणि दार लावलं. पहिल्या माशाचे आभार मानत नाहीत.

"मासा?" तो घरात शिरताच फिलोमेनने विचारलं.

"लागला होता. ताईकडे दिला."

"लागला होता म्हणे."

"विचार तिला!"

"तिची प्रवासाची पिशवी भरून झालीय. ती कशाला खरं सांगेल?"

मोदेस्त पुन्हा चूल ते खिडकी करू लागला. बऱ्याच वेळाने दार ढकलून बर्नाडेट आत आली. हातात पातेलं, त्यात ट्राउटचं उकडलेलं डोकं.

"माझ्या वाट्याचं आहे, मी कुणालाही देईन," म्हणत तिने फिलोमेनला वाटी भरून दिली. मग मोदेस्तकडे वळली. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं मी तुझ्याबद्दल गावभर सांगत आले. आज दिवसभर तळ्याकडच्या खिडकीतच होते. तू उठून टेकाडाकडे गेलास, तेव्हा मी पिशवीत मोजे भरले. परत येऊन बसलास, तेव्हा काढून ठेवले."

"मासा लागल्यावर?" मोदेस्तने विचारलं.

"मासा कुठे होता तेव्हा? तू नुसता बसला होतास."

फिलोमेनने माशाच्या गालाचा मऊ तुकडा खाल्ला, डोळे पुसले.

"उभा का? बस इथे."

मोदेस्त तिच्याशेजारी बसला. बसला खरा, पण गुडघा हलतच होता. फिलोमेनने रश्शाने भरलेली वाटी उचलून त्या गुडघ्यावर ठेवली.

"सांडलंस तर बघ," ती म्हणाली.