माझ्या पायांच्या तीन पाळ्या

पिंपरीत त्या काळी बंद पडलेल्या मशीनकडे लोक ज्या कळवळ्याने बघत, त्या कळवळ्याने माणसाकडे क्वचितच बघत. माझ्याकडे मात्र बघितलं. कारण त्या वर्षी माझं मशीनच झालं होतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या चाळीच्या गणपतीत नाटक होतं आणि मी त्यात राजा होतो. डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, ओठावर डिंकाने चिकटवलेल्या मिशा. पडद्याची दोरी अडकली. राज्यात दुसरा कुणी कामाचा माणूस नसल्यामुळे राजा स्वतःच बांबूवर चढला. बांबू निसटला. मी पाठीवर, स्टेजच्या कडेवर आलो. लोकांना वाटलं नाटक सुरू झालं, त्यांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. मीही पडून राहिलो. म्हटलं, टाळ्या थांबल्या की उठू.

टाळ्या थांबल्या.

पुण्याच्या सरकारी इस्पितळात होळीपर्यंत पालथा, उताणा, कुशीवर असे माझे बरेच प्रयोग झाले. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की कण्यातली नस चेचली आहे, कमरेखालचं आता परत यायचं नाही. पुढे त्यांनी मला व्यायामाच्या बाईंच्या ताब्यात दिलं. बाई बुटक्या, आवाज हेडमास्तरणीचा. त्या म्हणाल्या, "आता हात हेच तुमचे पाय. खांदे तयार करा, पण दुखवू नका. बसलात की थोड्या थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन बूड उचलायचं, नाही तर कातडी सडेल. पाय रोज कुणीतरी हलवायचे, म्हणजे सांधे आखडत नाहीत. सावकाश हलवायचे, अडेल तिथे थांबायचं. तुम्हाला दुखणार नाही, हाच धोका. जिथे दुखत नाही तिथे डोळ्यांनी बघायचं."

एवढं सगळं बाईंनी सांगितलं. त्यातलं 'पाय रोज हलवायचे' एवढंच आमच्याबरोबर पिंपरीला आलं. बाकीचं वॉर्डातच राहिलं.

घरी आलो तेव्हा भावाचा निरोप येऊन पडला होता. गाव बीडकडचं. निरोप असा, की पडवीतल्या शेळ्या दुसरीकडे हलवल्या आहेत, जागा केली आहे, कधीही या. बायकोने तो निरोप मला दोनदा सांगितला. दुसऱ्यांदा सांगताना ती पदराने डोळे पुसत होती. मी म्हटलं, "शेळ्यांना विचारलं का?" ती हसली नाही. माझा विनोद वाया गेल्याचं मला फार वाईट वाटतं, अजूनही.

पडलो होतो गणपतीत, ज्या कंपनीत मी मशीन चालवायचो तिच्या कुंपणाबाहेर. त्यामुळे कंपनीवर माझा हक्क असा काही नव्हता. पण कामगारांचं बघणारे साहेब नाटकाचे शौकीन होते. ते चाळीत आले, खाटेशेजारच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "टूल स्टोअरच्या खिडकीवरचा म्हातारा दिवाळीनंतर रिटायर होतोय. बसून काम आहे. हत्यारं द्यायची, परत घ्यायची. एक अख्खी शिफ्ट खुर्चीत बसून दाखव. खिडकी तुझी. नाही जमलं तर मला दुसरा माणूस घ्यावा लागेल."

खिडकी किंवा पडवी. मधे तिसरं काही नव्हतं. आणि मी तेव्हा उशीला टेकूनही भाकरी पुरी होईपर्यंत बसू शकत नव्हतो. डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि मी पोत्यासारखा एका बाजूला कलायचो.

माझे तीन दोस्त होते: एक फिटर, एक वेल्डर आणि एक क्रेनवाला. फिटर तिथलाच, चिंचवडच्या जुन्या घरातला. साहेब जिना उतरले नाहीत तोच तो बाह्या सरसावून उभा राहिला.

"राव, तू काळजी करू नको. आमी हाय की! ह्याला जाम झालेलं म्हणत्यात. जाम झालेलं मशीन चालू ठेवलं की सुटतंय."

"दोस्ता, ही नस आहे. बेअरिंग नाही."

"गप पड. तुला काय कळतंय? तू ऑपरेटर न्हाईस आता, तू मशीनवर चढवलेला जॉब हायेस."

मग सुरू झालं. तिघांच्या तीन पाळ्या. पहिल्या पाळीचा दुपारी सुटायचा तो थेट माझ्या खाटेशी. दुसऱ्या पाळीचा कामावर जायच्या आधी. तिसऱ्या पाळीचा सकाळी, डोळे लाल, हातात पाव. आमच्याकडे रिवाज असा होता, की पाळी बदलताना मशीन बंद करायचं नाही; जाणाऱ्याने चालू मशीन येणाऱ्याच्या हातात द्यायचं. तसाच माझा पाय एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जायचा, हवेतल्या हवेत. मधे मी, उताणा, छताकडे बघत राजाची भाषणं म्हणत.

बायको म्हणायची, "अहो, त्यांना जरा थांबवा. बाई सावकाश म्हणाल्या होत्या."

मी कुणाला थांबवणार? तिघेजण घाम गाळत होते आणि माझ्या पायांना काही कळत नव्हतं. कळवळून ओरडायची सोय असती तर ओरडलो असतो. आणि खरं सांगतो, पाय वर जाताना दिसायचा तेव्हा मला वाटायचं, कदाचित. एवढा एकच शब्द. त्या शब्दावर माणूस काय वाट्टेल ते सहन करतो, त्यात माझं तर काही दुखतही नव्हतं.

मग फिटरने खडू आणला. पाय किती वर गेला त्याची भिंतीवर रेघ. झालं! रेघ आली तिथे टार्गेट आलं, आणि टार्गेट आलं तिथे पाळ्यापाळ्यांत चढाओढ आली. क्रेनवाला येऊन आधी भिंतीकडे बघायचा, मग माझ्याकडे. "वेल्डरने इथवर नेला? बघतोच." रेघा चढत गेल्या. माझे खांदे मात्र तसेच लुळे, बूड तसंच खाटेला चिकटलेलं. सगळी फॅक्टरी पायांवर लागली होती आणि खुर्चीत बसायला लागणारे हात रिकामे पडून होते. हे एकालाही सुचलं नाही, मलाही नाही.

एका दुपारी तिघेही एकत्र जमले. फिटरने माझी टाच खांद्यावर घेतली आणि रेघेच्या वर नेली. अडलं. वेल्डर म्हणाला, "अजून जरा." फिटरने अंग टाकलं.

कट् असा आवाज झाला.

"सुटलं!" फिटर ओरडला. "जाम सुटला राव!"

आणि तिघांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. खोटं कशाला बोलू, सगळ्यात जोरात मीच वाजवल्या.

संध्याकाळी बायको पाय पुसायला बसली आणि तिचा हात थांबला. मांडी सुजून घागरीएवढी झाली होती, गरम लागत होती, आणि पाय जिथे वळायला नको तिथे वळला होता. मला ताप भरला होता. मी तिला विचारलं, "काय झालं?" तिने फक्त भिंतीवरच्या सगळ्या रेघा ओल्या फडक्याने पुसून टाकल्या.

मांडीचं हाड मोडलं होतं. इस्पितळात व्यायामाच्या बाई आल्या, एक्स-रेचा फोटो उजेडाकडे धरला. मला वाटलं आता तोफ डागणार. पण त्या हळू आवाजात म्हणाल्या, "न वापरलेली हाडं ठिसूळ होतात हो. मी थांबायला सांगितलं होतं." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतरचे महिने मला सांगावेसे वाटत नाहीत, म्हणजे मी ते सांगणार आहे. पाय प्लॅस्टरमध्ये, मी खाटेत. दिवाळी जवळ येत होती. भावाचा पुन्हा निरोप आला: पडवीला कूड घातला आहे, वारा लागायचा नाही. मी राजाची भाषणं बंद केली. राजाचा मुकुट बायकोने बोळक्यांमागे ठेवला होता, तो फेकून दे म्हणालो. एकदा ती पाणी आणायला गेली असताना मी खाटेच्या कडेला सरकत गेलो. कशासाठी, ते मलाही नीट सांगता येत नाही. खाली पडून काय साधणार होतं, त्याहून खाली जायला जागाच नव्हती. ती आली, घागर ठेवली, मला ओढून मधे घेतलं आणि म्हणाली, "हातात एवढा जोर आहे, तर इकडे नाही का सरकत?"

मला एकदम बाई आठवल्या. हात हेच पाय.

फिटर तेव्हापासून फिरकला नव्हता. बायकोच त्याच्या घरी गेली. तो आला आणि दारातच उभा राहिला.

"वहिनी, मला आत बोलवू नका. मी ह्याचा पाय मोडला."

मी म्हटलं, "ये रे. अजून एक शिल्लक आहे."

तो तिथेच उंबऱ्यावर बसून रडला. एवढा दांडगा माणूस. मग बायकोने त्याला बाईंचं सगळं सांगणं पुन्हा सांगितलं, या वेळी एकही शब्द वॉर्डात न ठेवता. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजी प्रॉडक्शन न्हाई हे. मेंटेनन्स हाय."

"म्हणजे?"

"प्रॉडक्शनला रेटायचं आसतंय. मेंटेनन्सला मशीन बंद करत्यात, उघडून बघत्यात, तेल घालत्यात, हळूच फिरवत्यात. आवाज आला की थांबत्यात. मला हे आधी कुणी सांगितलं का न्हाई?"

त्याने लाकडाचे दोन ठोकळे करून आणले, वर हाताला धरायला कानशीच्या मुठी बसवलेल्या. ते खाटेवर दोन्हीकडे ठेवायचे, मुठी धरायच्या, आणि अंग वर उचलायचं. पहिल्यांदा माझं बूड कागद सरकेल एवढंही उचललं गेलं नाही. खांदा ठणकला की फिटर ठोकळे काढून घ्यायचा. "बस. उद्या." मी शिव्या द्यायचो, दिवाळीची आठवण करून द्यायचो. तो ऐकायचा नाही. प्लॅस्टर निघाल्यावर पायही हलायला लागले, पण आता एकाच माणसाच्या हाती, दिवसातून एकदा, अडेल तिथे थांबून. वेल्डर आणि क्रेनवाल्याला लांबून बघायची परवानगी होती.

आणि नाटकाच्या पेटीतला मेकअपचा आरसा बाहेर आला. ज्यात मी मिशा चिकटवायचो त्यात आता मी माझी पाठ आणि बूड बघायला लागलो. लाल डाग दिसला की बायको अंगठ्याने दाबायची. दाबलेली जागा पांढरी पडून अंगठा काढल्यावर लाली परत येते का, आणि निजवून ठेवलं की तासाभरात ओसरते का, ते बघायचं. ओसरली तर ठीक. नाही ओसरली तर कातडी सडायला लागली समजायचं. मग पुन्हा महिनोन्महिने पालथं, आणि मग पडवी.

दिवाळी झाली. म्हातारा रिटायर झाला. मला टेम्पोतून नेलं, खुर्चीसकट उचलून खिडकीमागे ठेवलं. हाताची खुर्ची, खाली कापसाची गादी. पहिली पाळी. साहेब समोर फेऱ्या मारत होते.

बूड उचलायला मला निमित्त हवं होतं. मी ठरवलं, खिडकीशी कुणीही आलं की उचलायचं. कुणी ड्रिल मागायला आला, मी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन वर. कुणी पाना परत करायला आला, मी वर. लोकांना वाटलं मी उठून मान देतोय. शिकाऊ पोरंसुद्धा ओशाळून नमस्कार करायला लागली. एवढा आदर त्या कंपनीत कुणाला मिळाला नसेल आणि कुणी दिलाही नसेल.

जेवणाच्या सुट्टीनंतर खांदे जळायला लागले. कानात शिट्टी वाजत होती. आणि भोंगा व्हायच्या जरा आधी मला वास आला. मांडीला बांधलेली लघवीची रबरी पिशवी कधी सुटली होती, मला कळलंच नव्हतं. खुर्चीखाली ओल पसरत होती. आणि साहेब हसत, हात पुढे करून, सरळ खिडकीकडे येत होते.

मी फिटरकडे बघितलं. तो मशीन गार ठेवणाऱ्या कूलंटचा डबा घेऊन कुठेतरी निघाला होता. त्याने माझं तोंड बघितलं, खुर्चीखाली बघितलं, आणि आत येऊन अडखळला. अख्खा डबा माझ्या पायांवर.

"आरारा! सांडलं की!"

साहेबांनी त्याला असं झापलं की शेजारच्या मशीन शॉपमधली माणसं जमली. तो मान खाली घालून फरशी पुसत राहिला. वर बघितलंच नाही. तेवढ्यात पाळी सुटल्याचा भोंगा झाला.

घरी आल्यावर मला पालथं घातलं. बायकोने उजेड यावा म्हणून दार उघडं टाकलं, आरसा धरला. मान वळवूनही मला आरशात नीट दिसेना. तिने अंगठा टेकवला असणार, मला काय कळतंय. फिटर दाराबाहेर पाठ करून उभा होता.

"काय आहे?" मी विचारलं.

"लाल आहे."

"ओसरतंय?"

"थांबा."

आम्ही थांबलो. चाळीतल्या नळावर कुणाचीतरी कळशी वाजत होती. बाहेरून फिटर दबक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, ओसरतंय का?"

"थांबा म्हटलं ना!"

मग बऱ्याच वेळाने तिने आरसा खाली ठेवला आणि उठून चहाचं आधण ठेवलं. आमच्या घरात ती वाईट बातमीवर कधी चहा करत नसे.