मुऱ्हाळ्याच्या गाडीचा एसी: जळगाव ते पिंपळनेर आणि परत

लोक ऐन उन्हाळ्यात मनालीला जातात आणि बर्फात उभं राहून फोटो काढतात. आम्ही जळगावकर ऐन उन्हाळ्यात धुळ्याला जातो. मर्दुमकी यातही कमी नाही, पण तिचे फोटो कोणी लाइक करत नाही.

यंदा मला जाणं भागच होतं, कारण मी मुऱ्हाळी होतो. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके खेळतात, आमरस-पुरणपोळी खातात. त्यांना आणायला माहेरचा जो माणूस जातो तो मुऱ्हाळी. मान मोठा. खायला भरपूर मिळतं आणि ऐकूनही भरपूर घ्यावं लागतं. माझी बहीण मीनू धुळ्याच्या पलीकडे, पिंपळनेरला दिलेली आहे. तिला सातवा महिना, पहिलंच बाळंतपण, ते माहेरी करायचं ठरलेलं. आत्ता आली तर आली, नंतर डॉक्टर एवढा प्रवास करू देणार नव्हते.

अडचण होती आमच्या गाडीची. गाडी जुनी आणि तिचा एसी हा एक श्रद्धेचा विषय. गेल्या आखाजीला मीनू याच गाडीतून आली आणि जळगावात मेहरूणला, आमच्या दारात, उतरली ती ओकतच. तिच्या सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, ते लक्षात ठेवलं होतं. फोनवर त्यांनी निकाल दिला, "मी वहूले धाडसू, पन गाडी गार व्हई तं. नही तं आखाजी आठेच." गाडी गार असेल तरच सून निघेल, नाही तर तिची आखाजी तिथेच. अक्कांचं म्हणणं बरोबर होतं, हे कबूल करताना मला अजून जड जातं.

हे ऐकून नानांनी, माझ्या वडिलांनी, जेवण अर्धं टाकलं. नानांची रावेरकडे केळीची बाग आहे. ती काकांच्या स्वाधीन करून ते मेहरूणला आमच्याकडे राहायला आले, पण बाग डोक्यातून गेलेली नाही. तिथल्या तलावावर फिरायला गेले तरी लोकांच्या कुंड्यांना पाणी किती घालायचं ते सांगून येतात.

गाडी गॅरेजला नेली. मेकॅनिकनं बॉनेटला हातही न लावता सांगितलं, "गॅस संपला." आपल्याकडे एसीला दुसरा आजारच होत नाही. गॅस भरला, आणि खरं सांगतो, चमत्कार झाला. संध्याकाळी तलावाला फेरी मारली तेव्हा नानांनी उपरणं कानाला गुंडाळून घेतलं. "आता पोरगी येते," ते म्हणाले, आणि घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

सकाळी उठलो तर नाना माझ्या आधी उठून गाडीपाशी. गाडी धुतलेली, पुढच्या जाळीवर झेंडूचं आणि आंब्याच्या पानांचं घसघशीत तोरण, खाली लिंबू-मिरची. "पुढून पक्का बंदोबस्त केलाय. काही तापत नाही आता," नाना म्हणाले. मला वाटलं, लिंबू-मिरचीचं बोलताहेत.

ज्यांना ही सहल करायची आहे त्यांनी उजाडताच निघावं. रस्ता आता चौपदरी, झकास आहे. सावली मात्र रुंदीकरणात गेली, ती काही परत लावलेली नाही. बांभोरीचा पूल ओलांडेपर्यंत एसी गार होता. पाळधी मागे पडलं तसा वारा कोमट झाला आणि एरंडोलला पोचेपर्यंत भट्टीचं दार उघडावं तसा गरम. वर इंजिनच्या तापमानाचा काटाही चढायला लागला. काल संध्याकाळी कुडकुडवणारा एसी रात्रीतून कुठे गेला, हे काही कळेना.

एरंडोलला उसाचा रस घ्यायला थांबलो. रस घ्याच, आलं-लिंबू घालून छान देतात. रसासोबत निदान फुकट मिळतं. रसवाले भाऊ म्हणाले, कॉम्प्रेसर गेला. बाकावरचे एक आबा म्हणाले, कॉम्प्रेसर बरा आहे, वायर उंदरानं खाल्ली. त्यांच्या साडूच्या गाडीत तसंच झालं होतं. मी विचारलं, साडूंकडे कोणती गाडी? तर ट्रॅक्टर.

पारोळ्याला चहाच्या हॉटेलात मालकानं विचारलं, "काय व्हयनं, भाऊ?" एसी गरम हवा फेकतो म्हटल्यावर त्यानं गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, तोरणाला हात लावून नमस्कार केला आणि काचा उघड्या ठेवून जा म्हणाला. सबंध प्रवासातला हा एकमेव सल्ला, ज्यानं काही बिघडलं नाही.

धुळ्यात मात्र शिकलेला माणूस भेटला. गॅरेजच्या पाटीवरच ‘एसी स्पेशालिस्ट’ होतं. त्यानं बॉनेट उघडलं, दोन घड्याळांचं यंत्र लावलं, काटा पाहिला आणि चेहरा पाडला. "प्रेशर फार वाढलंय. गॅस जास्त भरलाय कोणीतरी. कुठं भरला?"

"जळगावला."

"तरीच," तो म्हणाला. जळगाव आणि धुळे यांच्यातला सगळा इतिहास त्या एका शब्दात होता. मग त्यानं जळगावचा थोडा गॅस धुळ्याच्या हवेत सोडला आणि त्याचे पैसे घेतले. भरायचे पैसे जळगावला, सोडायचे धुळ्याला. एसी तिथल्या तिथे जरासा गार वाटला, साक्रीच्या रस्त्याला लागताच पुन्हा जैसे थे.

धुळ्याबाहेर जेवलो. शेवभाजी मागवली, भाकरी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, सोबत कांदा. दीडशेच्या आत पोट भरतं, पण शेवभाजीची तर्री आणि बिनएसीची गाडी एकाच दुपारी घेऊ नका. पुढचा रस्ता मी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन कापला. एसीपेक्षा मला अक्कांचा चेहरा दिसत होता.

पिंपळनेरला पोचलो तर अक्का ओट्यावरच बसलेल्या. मीनू मागे उभी, तिची बॅग भरून दारात तयार. पाय धुवायला पाणी आलं, पण अक्का म्हणाल्या, "आधी गाडी दाखाडा, चहा मंग." त्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. मी एसी लावला. तव्याचा ताव बघतात तसा त्यांनी डॅशबोर्डवरच्या हवेच्या जाळीसमोर हात धरला.

"भाऊ, यानापेक्षा मना चुल्हा गार शे," त्या म्हणाल्या आणि उतरल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

मीनूनं दारातली बॅग पायानं हळूच आत सरकवली. मला ते बघवलं नाही. नाना घरी अंगणातल्या झोक्याचा दोर ओढून ओढून बघत असतील, त्यांना फोन करून काय सांगू, हेच मनात येत होतं.

मग मीनू माहेरची गाडी डोळे भरून बघायला म्हणून खाली आली. दिवसभराच्या उन्हानं तोरण पार वाळून गेलं होतं, निम्मी फुलं वाटेतच गळालेली. ती गाडीच्या तोंडासमोर थांबली आणि वाकता येईना म्हणून मलाच म्हणाली, "दादा, जाळीच्या आत काय कोंबलंय बघ ना."

बॉनेट उघडून बोटांनी ओढलं. पांढरं, मऊ, धुळीनं माखलेलं कापड निघालं. निघतच राहिलं. केळीच्या घडाची पिशवी. ऊन आणि धूळ लागू नये म्हणून बागेत केळीच्या घडाला घालतात ती, आणि तीही दुहेरी. एसीच्या जाळीला समोरून वारा लागतो तेव्हा कुठे आत हवा गार होते. नानांनी तो वारा पक्का बंद केला होता. तोरणाआड असल्यामुळे ‘एसी स्पेशालिस्ट’लाही ती दिसली नाही.

मीनू हसायला लागली ती पोट धरून. "नानांनी गाडीला घड समजून पिशवी घातली, अक्का. मला ऊन लागू नये म्हणून." आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

इंजिन थोडं निवू दिलं आणि एसी लावला. आधी कोमट, मग बरा, मग धुळ्यात सोडूनही उरलेला जळगावचा गॅस आपलं काम करायला लागला. अक्का पुन्हा येऊन बसल्या. हात धरला, मग दुसरा धरला, मग म्हणाल्या, "दरवाजा लाव." चहा त्यांनी गाडीतच घेतला. बराच वेळ उतरेनात तेव्हा मला वाटलं, आता मुऱ्हाळी यांनाच घेऊन जातो की काय. शेवटी उतरल्या, मीनूची बॅग स्वतः डिकीत ठेवली आणि म्हणाल्या, "इवाई याडा शे. पन असा याडा बाप बठ्ठासले भेटत नही." व्याही वेडा, पण असा वेडा बाप सगळ्यांना मिळत नाही.

मुक्काम करून पहाटे निघालो. परतीचं वर्णन करण्यासारखं काही नाही, कारण गार गाडीत माणूस झोपतो. मीनू शाल पांघरून झोपली होती. बांभोरी आल्यावर मात्र तिनं गाडी थांबवायला सांगितली. पिशवी तिनं धुऊन, घडी घालून मांडीवर आणली होती.

"घाल परत," ती म्हणाली.

"अगं, एसी..."

"पाच-दहा मिनिटांत घर येतंय. घाल."

घरी नानांनी लेकीआधी गाडीच्या तोंडाला हात लावला, पिशवी चाचपली. "तापली नाही ना?"

"नाही नाना. थंडीच वाजली," मीनू म्हणाली. नाना माझ्याकडे बघून असे हसले की मी डिकीतून बॅग काढायला लागलो.

तेव्हापासून मी कुठेही निघालो की कोपऱ्यावर थांबून पिशवी काढतो आणि येताना घालतो. नानांनी तलावावर सगळ्यांना सांगितल्यामुळे गल्लीतल्या आणखी गाड्यांनी पिशव्या घातल्या आहेत. कोपऱ्यावर सकाळी थोडी गर्दी होते. मेकॅनिकचंही बरं चाललंय, तो सगळ्यांना गॅस संपला म्हणून सांगतो.

मीनूला मुलगी झाली. काल बघतो तर नाना एक कोरी पिशवी कापून पाळण्याला बांधत होते, डास लागू नयेत म्हणून. माझा हात सवयीनं तिकडे गेला. मीनूनं तो धरला आणि म्हणाली, "ही राहू दे."