खो-खोचं मैदान आणि पंपघरातलं मशीन

ऑगस्टमधला तिसरा रविवार, सकाळ. हजर: मी, पायांना क्रिकेटची पॅड बांधलेले माझे यजमान, आमची नववीतली मुलगी, आणि तळमजल्यावरचे मेशोमशाय, घरच्या प्लास्टिकच्या खुर्चीसह. मेशोमशाय म्हणजे बंगालीत मावशीचे यजमान. नात्याने ते आमचे कुणी लागत नाहीत, पण यजमानांची बदली झाली आणि आम्ही कोलकात्याला, विमानतळाजवळच्या डमडमच्या या सोसायटीत राहायला आलो, त्या आठवड्यापासून ते मला ‘बौमा’, म्हणजे सूनबाई, म्हणतात आणि सासऱ्याच्या हक्काने सूचना करतात.

गैरहजर: सोसायटीचे सचिव. त्यांना संध्याकाळी बोलावलं होतं, आणि त्याआधी मैदान साफ व्हायला हवं होतं.

इमारतीमागच्या या मैदानावर मी संध्याकाळी मुलींना खो-खो शिकवते. शाळेत असताना मी जिल्ह्यापर्यंत खेळले आहे, आणि इथे आल्यावर घरची घडी बसवून झाली तेव्हा पहिलं काम हेच काढलं. पाच-सहा मुलींवर सुरू झालेला खेळ आता दोन पूर्ण संघांचा आहे. पावसाळ्यात मात्र गवत असं माजलं की पाटीवर बसलेल्या मुलींची फक्त डोकी दिसू लागली. एकीला गवतात साप दिसला, निदान तिने तसं सांगितलं. लगेच सचिवांनी कमिटीत प्रस्ताव आणला: मैदानावर फरशीचे ब्लॉक टाकावेत आणि गाड्या लावाव्यात.

सचिव सभ्य गृहस्थ आहेत. ते मला म्हणाले, “मॅडम, एकदा माणसं लावून कापाल, पुढे काय? दोन आठवड्यांत परत जंगल. मैदान कायम राखता येतं एवढं दाखवा, मी प्रस्ताव मागे घेतो.”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. विळ्याने गवत कापणारी माणसंही मिळत नव्हती. सगळी दुर्गापूजेच्या मंडपांच्या बांबूकामाला लागली होती. म्हणून मी सोसायटीच्या पंपघरात पडून असलेलं गवत कापायचं मशीन बाहेर काढायला लावलं.

मशीन जुनं, लोखंडी, पेट्रोलवर चालणारं. चार चाकं, वर इंजिन, खाली पत्र्याच्या झाकणात फिरणारं एकच रुंद पातं. बागेतल्या हिरवळीसाठी नव्हे, रानटी गवतासाठी केलेलं. इंजिन दोन संध्याकाळी साफ केल्यावर सुरू झालं. अडचण उंचीची होती. चाकं खाली-वर करण्याची जागा गंजून सर्वांत खालच्या खाचेत घट्ट बसली होती, आणि आमच्या जमिनीत विटांचे तुकडे इतके आहेत की तेवढ्या कमी उंचीवर पातं टिकलं नसतं.

मी कामं लिहून काढली आणि मेशोमशायना घेऊन हावड्याला गेले. त्यांची नोकरी तिथल्या एका कारखान्याच्या हिशेबखात्यात झाली, त्यामुळे वर्कशॉपच्या गल्ल्या त्यांना पाठ. लाँचमधून नदी ओलांडताना पातं माझ्या मांडीवर जुन्या चादरीत गुंडाळलेलं होतं. शेजारच्या बाईंनी विचारलं, यात काय आहे? मेशोमशाय म्हणाले, “सूनबाईची तलवार.” बाई उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या.

वर्कशॉपमध्ये पात्याला धार लावून घेतली, हातगाडीची मोठी चाकं निवडली आणि ती बसवायला चार जाड पट्ट्या करवल्या. प्रत्येक पट्टीला एक भोक पुरलं असतं, मी एकाखाली एक तीन पाडायला सांगितली. कारागीर म्हणाला, कशाला? मी म्हटलं, असू द्या. लांब गवत झाकणाच्या पुढच्या कडेला अडणार हे उघड होतं, म्हणून ती कड कापायला एक माणूस घरी बोलावला. तिथे खडे उडू नयेत म्हणून टायरच्या रबराच्या पट्ट्या झालरीसारख्या लटकवल्या. तरीही यजमानांनी पॅड बांधली ती बांधलीच.

तर त्या रविवारी मी झाकणावर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध येईपर्यंत चारही चाकं सारखी केली, बोल्ट आवळले आणि दोरी ओढली. मशीन सुरेख गुरगुरत गवतात शिरलं. एक फेरी मारून मागे वळून पाहिलं तर गवत आडवं झालेलं. आणि बघता बघता ते एकेक काडी करत परत उभं राहिलं.

“बौमा,” मेशोमशाय खुर्चीतून म्हणाले, “तुमचं मशीन गवताचे केस विंचरतंय.”

“पात्याची धार गेली असेल,” यजमान म्हणाले.

“अहो, परवाच लावून आणली आहे.”

“मग गवत ओलं आहे.”

“ऑगस्टमध्ये डमडमला गवत कोरडं कधी असतं?”

तेवढ्यात डोक्यावरून विमान उतरू लागलं. विमान आलं की इथे सगळेच बोलायचे थांबतात. आम्हीही थांबलो. आवाज ओसरला तेव्हा मुलगी मैदानाच्या टोकाला उभी होती.

“आई, इकडे टक्कल पडली आहे,” ती म्हणाली. तिचं मराठी असंच आहे.

मी जाऊन पाहिलं. खरंच, मशीन फिरलेल्या पट्ट्याच्या शेवटी परातीएवढ्या जागेत गवत स्वच्छ कापलेलं होतं. दुसऱ्या टोकालाही तसंच. मधे सगळं विंचरलेलं, आणि फक्त वळायच्या जागा साफ. वळताना मी काय वेगळं करते, म्हणून मशीन बंद करून नुसतंच वळवून पाहिलं. वळवण्यासाठी मी दांडा खाली दाबत होते आणि पुढची चाकं उचलली जात होती. पुढची बाजू वर गेली की गवत न वाकता उभंच आत शिरत होतं आणि पात्याला सापडत होतं. पाणसळीने मी जे सरळ केलं होतं, तेच नडत होतं.

“पुढची चाकं एक भोक खाली घ्या,” मी यजमानांना म्हटलं. “म्हणजे तोंड वर होईल.”

“वाकडं दिसेल.”

“दिसू दे.”

ती जास्तीची भोकं आता कामाला आली. बोल्ट नव्या जागी बसवले, दोरी ओढली. या वेळी मशीनचा आवाज जड झाला, मागून कापलेल्या गवताचा ओला लोट पडू लागला आणि माझ्या पायांमागे मैदान दिसायला लागलं. यजमानांनी पॅड सोडून टाकली आणि पुढच्या पट्ट्यासाठी मशीन माझ्या हातातून घेतलं. मेशोमशाय खुर्ची उचलून कापलेल्या भागात येऊन बसले. याहून मोठी पावती मी त्यांच्याकडून अपेक्षिली नव्हती.

संध्याकाळी सचिव आले. मैदानभर फिरले, विटेचा एक तुकडा बुटाने बाजूला केला. मुली तोवर पाटीवर बसल्या होत्या, डोक्यापासून पायापर्यंत दिसत होत्या. सचिवांनी पूर्ण डाव उभं राहून पाहिला. मग म्हणाले, “परत वाढेल.”

“वाढू दे. दर दुसऱ्या रविवारी कापू.”

“आणि तुमची बदली झाली की?”

मी मशीनच्या दांड्याला चिकटलेलं गवत झटकलं. ते म्हणाले, “मशीन चालतंय तोवर मैदान तुमचं. बंद पडलं की प्रस्ताव पुन्हा आणीन.” मी हो म्हटलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना अट ऐकू आली नव्हती.

तेव्हापासून गवत ठरल्याप्रमाणे कापलं जातं. मशीन चालवायला मी तिघा मुलींच्या आयांना शिकवलं आहे. मैदानावर तोंड वर करून चालणारं ते वाकडं यंत्र पाहिलं की मला अजूनही बरं वाटतं. माझं आहे म्हणून आणि चालतं म्हणूनही. पण गेल्या खेपेला त्यांतल्या समोरच्या ब्लॉकमधल्या ताईंची कापायची पाळी होती. मशीन वाकडं दिसतंय म्हणून त्यांनी चारही चाकं एका रांगेच्या भोकांत आणली आणि अर्धं मैदान विंचरून ठेवलं. चूक त्यांची नाही. कुठलं भोक पुढच्या चाकांचं आणि कुठलं मागच्या हे फक्त माझ्या डोक्यात आहे, आणि मी इथे कायमची नाही.

पांढऱ्या रंगाचा छोटा डबा आणला आहे. योग्य भोकांभोवती गोल काढायचे आहेत. ते अजून राहिले आहेत.